फीच्या पावतीवरचं सुप्रीम कोर्ट



आधीच कबूल करते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. ‘मराठी विभागासाठी काहीतरी लिही’ असं सरांनी सांगितलं तेव्हा मला पहिली काळजी वाटली ती ऱ्हस्व-दीर्घाची! त्यामुळे चुका पोटात घाला. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे. नाव ऐकून तो नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला वाटेल. प्रत्यक्षात तो आपल्या प्रत्येकाच्या कपाटात, ॲडमिशनच्या फाईलमध्ये पडून आहे.

विश्वास बसत नसेल तर ती फाईल काढा. त्यात दोन कागद सापडतील. एक, ‘रॅगिंग करणार नाही’ अशी आपली आणि पालकांची लेखी हमी. दुसरा, फीची पावती.

पहिला कागद कुठून आला? महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ सालीच झाला होता. पण देशभर प्रत्येक विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून हमी घ्यायची पद्धत आली ती सुप्रीम कोर्टामुळे. कोर्टाच्या सांगण्यावरून सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ मध्ये तिचा अहवाल आला. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशात मेडिकलच्या एका विद्यार्थ्याचा रॅगिंगमुळे जीव गेला, त्यानंतर कोर्टाने कडक आदेश दिले आणि त्याच वर्षी यूजीसीने नियम केले. फर्स्ट इयरची मुलगी आज रात्री पाण्याची बाटली भरायला सीनियर्सच्या रूमसमोरून न घाबरता जाते, त्यात दिल्लीतल्या त्या कोर्टाचाही वाटा आहे.

दुसऱ्या कागदाची, म्हणजे पावतीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. ती सांगण्यासाठीच हा लेख.

कोर्ट धोरण ठरवतं का?

शाळेत आपण काय शिकलो? कायदेमंडळ कायदा करतं, सरकार तो राबवतं आणि न्यायालय त्याचा अर्थ लावतं. म्हणजे कॉलेजं किती काढायची, फी किती ठेवायची हे सरकारने ठरवायचं. मग कोर्ट मध्ये येतं कुठून?

दोन कलमं लक्षात ठेवा. कलम ३२ प्रमाणे मूलभूत हक्कावर गदा आली तर कोणीही थेट सुप्रीम कोर्टात जाऊ शकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या कलमाला राज्यघटनेचा आत्मा म्हटलं होतं. आणि कलम १४१ प्रमाणे सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. आता ही दोन्ही एकत्र ठेवून बघा. एका विद्यार्थिनीने तक्रार केली, पण मिळालेलं उत्तर लाखो विद्यार्थ्यांना लागू झालं. निकाल एका केसचा, परिणाम मात्र धोरणाचा!

आपल्या फील्डशी तर कोर्टाचा संबंध फार जुना. १९५१ साली मद्रास राज्याच्या जातवार जागावाटपाविरुद्ध जे दोन अर्ज गाजले, त्यातला एक होता सरकारी इंजिनीअरिंग कॉलेजला अर्ज केलेल्या विद्यार्थ्याचा. कोर्टाने ते वाटप रद्द केलं. लगेच त्याच वर्षी संसदेने पहिली घटनादुरुस्ती केली आणि मागास वर्गांसाठी खास तरतूद करायचा अधिकार कलम १५(४) मध्ये लिहिला. पुढे १९६२ मध्ये म्हैसूर सरकारने इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या ६८ टक्के जागा राखीव ठेवल्या, तेव्हा ‘साधारणपणे हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आत हवं’ असं सांगणारा निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. ते आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. १९६४ मध्ये ते देशाचे सरन्यायाधीश झाले.

म्हणजे कोर्ट बोलतं, मग संसद बोलते, पुन्हा कोर्ट बोलतं. धोरण बऱ्याचदा या बोलण्यातून तयार होतं. फीच्या बाबतीतही तेच झालं.

सुरुवात आपल्याच माणसापासून

१९८३ पर्यंत महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या जागा थोड्या होत्या. आपल्या भागात विश्रामबागचं वालचंद होतं, ते १९४७ चं. जागा मिळाली नाही तर ज्याच्याकडे पैसा असेल तो डोनेशन भरून कर्नाटकात जायचा, नसेल तो बी.एस्सी. करायचा किंवा शेतीकडे वळायचा. १९८३ मध्ये मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील, आपल्या पद्माळ्याचे. स्वतः फारसे न शिकलेल्या या माणसाने खाजगी विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. आज आपल्यातले कितीतरी जण इंजिनीअरिंगला आहेत ते या एका निर्णयामुळे.

पण ‘विनाअनुदानित’ म्हणजे सरकार पैसे देणार नाही. मग खर्च कोण देणार? विद्यार्थी. आणि किती देणार? इथेच खरी भानगड सुरू झाली. १९८७ मध्ये महाराष्ट्राने कॅपिटेशन फीवर, म्हणजे आपल्या भाषेत डोनेशनवर, बंदी घालणारा कायदा केला. पण कायदा केला म्हणून प्रश्न संपतो असं नसतं, आणि हा प्रश्न काही एकट्या महाराष्ट्राचा नव्हता.

दोन, पाच, अकरा, पाच, सात

ही सिरीज ओळखा बघू! गणिताच्या सरांनाही जमणार नाही. फीबद्दलच्या पाच मोठ्या निकालांत किती न्यायाधीश बसले होते, त्याचे हे आकडे आहेत.

दोन : मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य, १९९२. उत्तर प्रदेशातली ही विद्यार्थिनी कर्नाटकातल्या खाजगी मेडिकल कॉलेजला गेली. तिथे १९८९ च्या सरकारी आदेशाप्रमाणे सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, राज्यातल्या इतर विद्यार्थ्यांना २५,००० आणि राज्याबाहेरच्यांना ६०,००० पर्यंत फी होती. कोर्ट म्हणालं, हे कॅपिटेशन फीच आहे आणि ती घटनाबाह्य आहे. शिक्षणाचा हक्क हा जगण्याच्या हक्कातूनच येतो.

पाच : उन्नीकृष्णन, ४ फेब्रुवारी १९९३. मोठं खंडपीठ. चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा मूलभूत हक्क, त्यापुढचं मात्र सरकारच्या ऐपतीप्रमाणे, असं कोर्टाने ठरवलं. पहिला भाग पुढे फार मोठा झाला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने तो कलम २१-क म्हणून घटनेत गेला आणि शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला.

पण उन्नीकृष्णनमध्ये कोर्ट एवढ्यावर थांबलं नाही. खाजगी व्यावसायिक कॉलेजांसाठी त्याने स्वतः एक योजना आखून दिली. निम्म्या जागा ‘फ्री सीट’, निम्म्या ‘पेमेंट सीट’. दोन्ही मेरिटनेच भरायच्या. वरच्या मार्कांना फ्री सीट, म्हणजे सरकारी कॉलेजएवढी कमी फी. त्याखालच्यांना पेमेंट सीट, फी कितीतरी पट. पेमेंटवाल्यांच्या पैशातून फ्रीवाल्यांचा खर्च निघणार. डोनेशन बंद, मेरिटला मान. कागदावर डिझाईन एकदम परफेक्ट!

आमच्या रूममधली गोष्ट

आता जरा थांबते आणि आमच्या होस्टेलच्या रूममध्ये येते.

माझे पप्पा इंजिनीअर आहेत. १९९४ ची त्यांची ॲडमिशन, फ्री सीटवर. ‘मेरिटवर शिकलो, बापाला खर्चात पाडलं नाही’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. पप्पा सांगली शहरातले, इंग्रजी माध्यमाचे, अकरावी-बारावीला तीन-तीन ट्यूशन.

माझी रूममेट जत तालुक्यातली. या लेखासाठी वाचत होते तेव्हा एका रात्री मी तिला ही फ्री-पेमेंटची भानगड समजावून सांगायला लागले. कुपवाडच्या एमआयडीसीतली रात्रपाळी सुरू झाली होती, मेसमधून आलो होतो, आणि मी अगदी मॅडमसारखं लेक्चर देत होते. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘‘मला नको सांगूस. आमच्या आण्णांची पेमेंट सीट होती, पंच्याण्णवची. आज्ज्यानं दोन एकर विकली त्यापायी. चांगली, विहिरीकडची.’’

मी गप्प. तिचे आण्णा जतच्या खेड्यातल्या शाळेत शिकले. सायन्सचे सर वर्षातून किती दिवस असायचे ते विचारू नका. ट्यूशन नावाची गोष्ट त्यांनी बारावीनंतर ऐकली. बारावीला पप्पांपेक्षा थोडे कमी मार्क पडले, त्यामुळे लिस्टमधल्या रेघेच्या खाली गेले. त्या रेघेच्या वर माझे पप्पा, खाली तिचे आण्णा.

मी पप्पांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘आम्हाला वाटायचं, मार्क पडले म्हणून सीट फ्री. उरलेले पैसे कोण भरतंय हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही.’’

दोघांची कॉलेजं वेगळी होती, तेव्हा तिच्या आज्ज्याच्या जमिनीतून माझ्या पप्पांची फी गेली असं म्हणता येणार नाही. पण योजना एकच होती. कुठल्यातरी कॉलेजात, कुठल्यातरी जतच्या मुलाने कुठल्यातरी सांगलीच्या मुलाची फी भरली.

कोर्टाने स्वतःची चूक दुरुस्त केली

हे मी एकटी म्हणत नाही. अकरा न्यायाधीशांनी म्हटलं आहे.

अकरा : टी.एम.ए. पै फाउंडेशन, ३१ ऑक्टोबर २००२. या निकालात कोर्टाने उन्नीकृष्णनची योजना रद्द केली. कारण देताना जे सांगितलं ते वाचून माझ्या अंगावर काटा आला. वरच्या निम्म्या विद्यार्थ्यांची परिस्थिती गरीब असेल या गृहीतकावर योजना उभी होती, प्रत्यक्षात उलटंच झालं. नुसत्या मार्कांच्या स्पर्धेत शहरातली मुलं पुढे राहतात, त्यामुळे थोडे कमी मार्क असलेल्या ग्रामीण किंवा गरीब मुलावर श्रीमंत शहरी मुलाचा भार पडला, अशा अर्थाचं कोर्ट म्हणालं. आमच्या रूमची गोष्टच!

त्याऐवजी कोर्टाने सांगितलं की खाजगी कॉलेजांना फी ठरवायचं स्वातंत्र्य आहे, कॉलेज वाढवण्यापुरती वाजवी शिल्लक राहिली तर चालेल, पण नफेखोरी नको आणि कॅपिटेशन फी नकोच.

आपण इंजिनीअर लोक याकडे कंट्रोल सिस्टीमसारखं बघू शकतो. कोणतंही धोरण म्हणजे एक सिस्टीम. आउटपुट मोजायला सेन्सर लागतो आणि तो फीडबॅक वेळेत परत आला पाहिजे. सरकारकडे कितीतरी सेन्सर असतात : अधिकारी, आकडेवारी, आमदार, मोर्चे, निवडणुका. कोर्टाकडे सेन्सर एकच, समोर आलेली केस. १९९३ मध्ये कोर्टासमोर भांडत होत्या त्या मुख्यतः संस्था आणि सरकारं. जतचा पेमेंटवाला मुलगा तिथे नव्हता. त्याला वकील कुठून परवडणार, त्याची तर जमीनच विकली गेली होती! फीडबॅक यायला फेब्रुवारी १९९३ ते ऑक्टोबर २००२, म्हणजे पावणेदहा वर्षं लागली. आपली डिग्री चार वर्षांची. किती बॅचेस त्यातून बाहेर पडल्या याचा हिशोब तुम्हीच करा.

मग कोर्टाने गप्प बसावं का?

इथे काही मित्र म्हणतील, बघ, म्हणूनच कोर्टाने धोरणात पडू नये. मला तसं वाटत नाही. १९९२ मध्ये कोर्ट बोललं नसतं तर डोनेशन म्हणजे फी, हीच रीत झाली असती. विद्यार्थ्यांकडे संघटित ताकद नसते, त्यांची मतं विखुरलेली असतात आणि चार वर्षांत ते पास होऊन निघून जातात. अशांचं ऐकणारी एक जागा लागतेच. माझं म्हणणं एवढंच, की कुंपण घालणं वेगळं आणि आतला बंगला डिझाईन करणं वेगळं. ‘लूट चालणार नाही’ हे कुंपण कोर्टाने उत्तम घातलं, आणि ते आजही आहे. ‘याने भरायचे, त्याचे माफ’ हा बंगल्याचा प्लॅन मात्र फसला.

पुढचे निकाल बघा, कोर्ट हळूहळू कुंपणाकडेच सरकलेलं दिसतं.

पाच : इस्लामिक ॲकॅडमी, १४ ऑगस्ट २००३. प्रत्येक राज्याने निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमाव्यात, एक फीसाठी, एक प्रवेशासाठी. महाराष्ट्रातली ‘शिक्षण शुल्क समिती’ ती हीच. आपल्या सीनियर्सच्या तोंडी हे नाव असायचं.

सात : पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १२ ऑगस्ट २००५. ही केस आपल्या राज्याची. विनाअनुदानित कॉलेजांवर सरकार आपला कोटा किंवा आरक्षण लादू शकत नाही, पण नफेखोरी रोखायला फीवर नियंत्रण ठेवू शकतं, असा निकाल लागला. समित्या राहू द्या, पण त्या तात्पुरत्या. कायमचं काय ते कायदा करून ठरवा, हेही कोर्टाने सूचित केलं.

मग बोलणं पुन्हा संसदेकडे गेलं. आरक्षणाचा भाग संसदेला पटला नाही. ९३ वी घटनादुरुस्ती झाली, २० जानेवारी २००६ पासून कलम १५(५) आलं आणि खाजगी कॉलेजांतही मागास वर्गांसाठी जागा ठेवायची वाट मोकळी झाली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने विनाअनुदानित कॉलेजांच्या बाबतीत ही दुरुस्ती मान्य केली. फीचा कायदा करायला महाराष्ट्राला जास्त वेळ लागला. विनाअनुदानित खाजगी व्यावसायिक संस्थांच्या प्रवेशाचं आणि शुल्काचं नियमन करणारा कायदा २०१५ मध्ये आला आणि समितीच्या जागी शुल्क नियामक प्राधिकरण आलं. मध्य प्रदेशच्या अशाच कायद्याला सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये मान्यता दिली.

म्हणजे आपल्या पावतीवरचा आकडा कॉलेज एकटं ठरवत नाही. कॉलेज हिशोब दाखवतं, प्राधिकरण तपासून फी मंजूर करतं. त्या आकड्यामागे १९८३ चे वसंतदादा आहेत, एक मोहिनी जैन आहे, अकरा न्यायाधीश आहेत आणि विधानसभाही आहे.

कोर्ट जे करू शकत नाही

तरी एक गोष्ट उरते. कोर्ट सांगू शकतं की फी अमुकपेक्षा जास्त नको. पण ती फी कोण भरणार? कोर्टाकडे तिजोरी नाही. ती तिजोरी सरकारची, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या टॅक्सची.

राज्यात राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या, खुल्या प्रवर्गातल्या विद्यार्थ्याला तिच्यातून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, याच उत्पन्न मर्यादेतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. (मुलांच्या होस्टेलमधून यावर काय कॉमेंट्स येतात त्या इथे छापण्यासारख्या नाहीत!) हा निर्णय कोर्टाचा नव्हता, राज्य मंत्रिमंडळाचा होता. योजना चांगली की वाईट, पुरेशी की अपुरी, यावर आपण वाद घालू शकतो, आणि तोच तर मुद्दा आहे. सरकारच्या योजनेवर वाद घालता येतो, मोर्चा काढता येतो, पुढच्या निवडणुकीत जाब विचारता येतो. न्यायाधीशांना मात्र आपण निवडून दिलेलं नसतं.

फ्री-पेमेंटमध्ये एका विद्यार्थ्याचा भार दुसऱ्या विद्यार्थ्यावर होता. आता तो सगळ्या समाजावर आहे. फरक एवढाच आहे, पण मला तो फार मोठा वाटतो.

शेवटी

या सेमिस्टरला आम्ही दोघी एकाच दिवशी ऑफिसच्या खिडकीसमोर उभ्या होतो. माझ्या पावतीवर पूर्ण फी होती, पप्पांना ती परवडते. तिच्या पावतीवर शिक्षण शुल्काच्या रकान्यात भरलेली रक्कम शून्य. ती मला म्हणाली, ‘‘आज्जा असता तर त्याला दाखवली असती.’’ विहिरीकडची दोन एकर काही परत येणार नाही. कोर्टाने चूक दुरुस्त केली म्हणून ज्यांनी ती सोसली त्यांची भरपाई होत नाही.

मित्रांनो, म्हणून तीन साध्या गोष्टी सांगून थांबते. एक, आपल्या पावतीवरची फी आणि प्राधिकरणाने आपल्या कॉलेजला मंजूर केलेली फी एकदा ताडून बघा. दोन, पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका, कुणी कितीही गोड बोलून मागितला तरी. तीन, आपल्यापैकी बहुतेकांना आता मत आहे. सुप्रीम कोर्ट आहे म्हणून आपण निश्चिंत झोपावं असं नाही. त्याच्यापर्यंत पोचायच्या आधी जे विचारायचं ते विचारणं, आणि रेघेच्या खाली कोण उभं आहे ते बघणं, हे काम आपलंच आहे.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल